आईचा शेक: घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं रेडिएशन सुरू होणार असेल तर काय काय करायचं

आमच्याकडे रेडिएशनला अजून सगळे शेकच म्हणतात. कुणी लाईट म्हणतं, कुणी करंट म्हणतं, पण जास्त करून शेकच, आणि तो शब्दच असा आहे की म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यासमोर पहिला चटका उभा राहतो. माझी आई ७४ वर्षांची, गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर निघाला, चाळीसेक वर्षं मिश्री लावत होती, आधी ऑपरेशन झालं आणि मग डॉक्टरांनी सांगितलं की ३० सिटिंग रेडिएशन लागणार, सोमवार ते शुक्रवार, असे सहा आठवडे. घरी आल्यावर आई भिंतीला टेकून बसली आणि एवढंच म्हणाली, "या वयात भाजून काढणार का गं मला?"

तर आधी हेच सांगते, भाजत नाही. एक्सरे काढताना जेवढं जाणवतं तेवढंच, म्हणजे काहीच नाही. टेबलावर झोपायचं, मशीन भोवती फिरतं, घरघर आवाज येतो, किरणं प्रत्यक्ष चालू असतात ती काही मिनिटं, बाकीचा वेळ नीट झोपवण्यात आणि पोझिशन जुळवण्यात जातो. त्रास होतो तो नंतर, हळूहळू, दोन अडीच आठवडे झाले की. आणि बाहेरून मशीनने दिलेल्या रेडिएशनमुळे पेशंटच्या अंगात किरणं राहत नाहीत, नातवंडांना मांडीवर घेता येतं, एकाच ताटात जेवलं तरी चालतं. हे मी मुद्दाम लिहितेय कारण आमच्याच भावकीतल्या एकीने लहान पोराला आईजवळ जाऊ दिलं नव्हतं आणि आईला ते फार लागलं होतं. (थायरॉइडसाठी आयोडीनचं औषध पाजतात त्याचे नियम वेगळे, त्यात काही दिवस लांब राहायला सांगतात.)

मी डॉक्टर नाही. सहा आठवडे रोज सोबत गेले आणि नंतरचे दोन महिने घरी सगळं बघितलं, त्यावेळी जे विचारून विचारून शिकले ते लिहितेय. आणि त्यातून मला एक गोष्ट पक्की कळली की वयस्कर माणसाचं रेडिएशन अर्धवट सुटतं ते बऱ्याचदा किरणांमुळे नाही, तर वजन उतरल्यामुळे, पडल्यामुळे, गोळ्यांच्या घोळामुळे, रोजच्या प्रवासाने थकून गेल्यामुळे. आणि या सगळ्या गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

आधी ठरवायचं कसं ते. आपल्याकडे दोन टोकं असतात, एक म्हणजे "आता वय झालंय, कशाला हाल करायचे" आणि दुसरं "काहीही करा पण सगळं द्या". दोन्ही वेळा कुणी म्हाताऱ्या माणसाकडे नीट बघितलेलं नसतं. ७८ वर्षांचे आजोबा रोज शेतावर जाऊन येत असतील तर ते पूर्ण कोर्स झेपवू शकतात आणि ६६ वर्षांची बाई दोन वर्षं अंथरुणाला असेल तर तिला नाही झेपणार. डॉक्टरही हल्ली नुसतं वय बघत नाहीत, जी-एट नावाची आठ प्रश्नांची छोटी तपासणी असते, त्यात जेवण कमी झालंय का, वजन किती उतरलं, स्वतः उठून बाहेर जातात का, विसरभोळेपणा किंवा उदासपणा आहे का, रोज तीनपेक्षा जास्त औषधं चालू आहेत का, स्वतःच्या तब्येतीबद्दल काय वाटतं असं विचारतात, १७ पैकी गुण देतात, आणि १४ किंवा कमी आले तर जास्त सविस्तर तपासणी करायला हवी असं धरतात. मुंबईत टाटा हॉस्पिटलमधे वयस्कर पेशंटसाठी वेगळी ओपीडी आहे. सगळीकडे अशी सोय नसते, पण हे आठ मुद्दे तुम्ही स्वतः कागदावर लिहून नेऊ शकता, आम्ही नेले होते आणि डॉक्टरांनी तो कागद फाईलला लावून घेतला.

डॉक्टरांना सरळ विचारा, उपचार बरं करण्यासाठी आहे का त्रास कमी करण्यासाठी. लाजू नका. कारण त्यावर सगळं बदलतं. हाडात कॅन्सर पसरून दुखत असेल तर बऱ्याच वेळा एकच सिटिंग पुरतं, ८ ग्रेचं (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप, जसं दुधाला लिटर), त्याने दुखणं कमी व्हायला दोन चार आठवडे लागू शकतात पण म्हाताऱ्या माणसाला रोज ने आण करायला लागत नाही. दुसरं विचारायचं, छोटा कोर्स चालेल का. स्तनाच्या कॅन्सरमधे पूर्वी पाच सहा आठवडे द्यायचे, आता १५ सिटिंग सर्रास देतात आणि काही जणींना ५ सिटिंगमधेही भागतं. मेंदूच्या काही गाठींना वयस्कर पेशंटमधे सहा आठवड्यांऐवजी तीन आठवडे देतात. आणि तिसरा प्रश्न, नाही दिलं तर काय होईल. हा प्रश्न विचारायला जीभ उचलत नाही पण विचारा. कारण खरंच काही वेळा न देणं हाही योग्य पर्याय असतो. ब्रिटनमधे प्राईम टू नावाचा अभ्यास झाला, ६५ च्या पुढच्या बायका, स्तनाची गाठ लहान, काखेतल्या गाठी स्वच्छ, गाठ हार्मोनला दाद देणारी आणि हार्मोनच्या गोळ्या चालू, अशांमधे ज्यांना रेडिएशन दिलं नाही त्यांच्यात दहा वर्षांत त्याच स्तनात कॅन्सर परत आला साडेनऊ टक्के जणींना आणि ज्यांना दिलं त्यांच्यात एक टक्क्याच्या आसपास, पण दोन्हीकडे जगण्यात फरक पडला नाही. म्हणजे निवड करता येते. आईच्या बाबतीत मात्र तसं नव्हतं, ऑपरेशनच्या रिपोर्टमधे मानेतल्या गाठींमधे कॅन्सर होता त्यामुळे रेडिएशन टाळणं धोक्याचं होतं. सोबत केमो मात्र डॉक्टरांनी नको म्हटलं, तिची किडनी थोडी कमजोर होती आणि तोंडा-घशाच्या कॅन्सरमधे सत्तरीच्या पुढे रेडिएशनला केमो जोडून फारसा फायदा दिसत नाही असं त्यांनी समजावून सांगितलं.

आणि हे सगळं आईसमोर बोला. "त्यांना सांगू नका, धसका घेतील" हे आमच्याकडेही झालं, मामाचं तेच म्हणणं होतं. पण जिला रोज तोंडावर मास्क लावून एकटीला त्या खोलीत झोपायचंय तिला माहीत नको का कशासाठी झोपतेय ते? आईला डॉक्टरांनी स्वतः सांगितलं, तिने शांतपणे ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला की दिवाळीला घरी असेन का.

सुरू होण्याआधीची कामं. तोंड, घसा, मान यांचं रेडिएशन असेल तर सगळ्यात आधी दातांचे डॉक्टर. किडलेला, हलणारा दात असेल तर आधीच काढायचा आणि जखम भरायला दोन ते तीन आठवडे द्यायचे, कारण रेडिएशननंतर जबड्याच्या हाडाला रक्तपुरवठा कमी होतो आणि नंतर दात काढला तर जखम भरत नाही, हाड सडू शकतं. आईचे खालचे चार दात उरले होते, त्यातले दोन काढले. कवळी असेल तर ती सिटिंगच्या वेळी काढून ठेवायची, आणि तोंड यायला लागलं की कवळी घालणं बंदच करायचं, हिरड्या सोलवटतात.

पेसमेकर असेल तर रेडिएशनच्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा, कार्ड दाखवा. आपल्याला वाटतं फाईलमधे असेलच, पण हृदयाची फाईल वेगळी आणि कॅन्सरची फाईल वेगळी असते, तसंच राहून जातं. पूर्वी कधी शरीराच्या त्याच भागाला रेडिएशन झालं असेल तेही सांगायचं, वीस वर्षांपूर्वीचं असलं तरी. आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या, नावं सांगत बसू नका, पिशवीच टेबलावर ठेवा. त्यात आयुर्वेदिक, काढे, गुळवेल, कुणी दिलेली पुडी सगळं ठेवायचं, लपवायचं नाही.

मिश्री, तंबाखू, विडी बंद. हे मी घरातल्या माणसांना सांगतेय, पेशंटला नाही, कारण आईची मिश्रीची डबी मी तीन वेळा फेकली आणि तीन वेळा ती कुठून तरी परत आली, शेजारच्या काकू आणून द्यायच्या. शेवटी काकूंनाच बसवून सांगितलं की उपचार चालू असताना तंबाखू सुरू राहिली तर रेडिएशनचा असर कमी होतो आणि तोंडातल्या जखमा भरत नाहीत, तेव्हा थांबलं. पहिले आठ दहा दिवस आई चिडचिडी होती, डोकं दुखायचं, त्यात बडीशेप भाजून दिली थोडी, तीही नंतर टोचायला लागली तशी बंद केली.

मास्कबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण त्याचीच भीती जास्त असते. डोक्या-मानेच्या रेडिएशनला हलायचं नसतं, म्हणून प्लास्टिकच्या जाळीचा मास्क बनवतात, त्या खोलीला मोल्ड रूम म्हणतात. जाळीची पाटी गरम पाण्यात टाकतात, ती मऊ पडली की चेहऱ्यावर आणि खांद्यापर्यंत ताणून बसवतात, ओल्या कोमट फडक्यासारखी लागते, आणि काही मिनिटांत घट्ट होते. भोकं असतात, श्वास नीट घेता येतो. मग त्याच मास्कवर सीटी स्कॅन काढतात, त्यावर डॉक्टर आणि फिजिसिस्ट (किरणांचं गणित मांडणारे तज्ज्ञ) प्लॅन करतात, त्यात चार आठ दिवस जातात, ते दिवस वाया जातायत असं वाटून घाबरू नका. आईला कमी ऐकू येतं, कानाचं मशीन काढून ठेवलं की तिला टेक्निशियन काय सांगतायत ते कळेना आणि ती मास्कखाली घाबरून उठायला बघायची. दुसऱ्या दिवशी आम्ही खुणा ठरवल्या, टेक्निशियनने खांद्यावर दोनदा थोपटलं म्हणजे सुरू होतंय, आणि आईने उजवा हात वर केला म्हणजे थांबवा. आत कॅमेरा असतो, बाहेर बसून ते बघत असतात, हात वर केला की मशीन बंद करून आत येतात. हे तिला मी बाहेरच्या स्क्रीनवर एकदा दाखवायला सांगितलं, दुसऱ्या पेशंटचा चेहरा दिसणार नाही असं बघून त्यांनी दाखवलं, त्यानंतर ती घाबरली नाही. जास्तच घुसमट होत असेल तर डॉक्टर आधी एक हलकी गोळी देतात पण म्हाताऱ्या माणसांना त्या गोळीने तोल जातो, म्हणून घेतली तर घरी जाईपर्यंत हात धरूनच चालवा.

आता जेवण. तोंडा-घशाच्या पेशंटची खरी लढाई इथेच असते. पहिले दोन आठवडे आई नेहमीसारखी जेवत होती आणि आम्हाला वाटलं आपल्याला काही होणार नाही. तिसऱ्या आठवड्यात चव गेली, सगळं मातीसारखं लागतं म्हणायची, मग तोंड आलं, थुंकी घट्ट आणि दोऱ्यासारखी झाली. तेव्हा भाकरी संपली. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत जेवढं खाऊन घेता येईल तेवढं घ्या, तेव्हा पथ्य पाळत बसू नका, तूप, दूध, अंडी, शेंगदाण्याचं कूट सगळं चालू द्या (शुगर असेल तर डॉक्टरांना विचारून). नंतर काय चाललं ते सांगते. मऊ गुरगुट्या भात त्यात मुगाचं घट्ट वरण आणि दोन चमचे तूप, मिक्सरला फिरवून. नाचणीची खीर, आंबील नाही, आंबट झोंबतं. केळं दुधात कुस्करून. अंड्याचं बलक भातात मिसळून. रव्याचा पातळ शिरा. आईला मटणाचा अळणी रस्सा फार चालला, मसाला अजिबात न घालता नुसता हळद-मिठात, गाळून, कोमट. गरम गरम काही द्यायचं नाही, सगळं कोमट किंवा गार. ठेचा, लोणचं, लिंबू, टोमॅटो, कोरडा चिवडा, टोस्ट हे बंद. तीन वेळा ताट वाढायचं नाही, दर दोन तासांनी एक वाटी. मी फ्रीजच्या दारावर कागद लावला होता आणि प्रत्येक वाटीला एक रेघ मारायची, दिवसाला आठ रेघा झाल्या पाहिजेत. ज्या दिवशी पाच झाल्या त्या दिवशी संध्याकाळी प्रोटीन पावडर दुधात जास्तीची.

वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, त्याच वेळी. साध्या डोळ्यांना कळत नाही, लुगड्यात माणूस तेवढंच दिसतं. आईचं ५१ वरून चौथ्या आठवड्यात ४७ झालं आणि मास्क सैल झाला, टेक्निशियननेच सांगितलं की मान आत हलतेय. मग नवा मास्क, परत स्कॅन. म्हणजे वजनाचा प्रश्न अंगात ताकद राहण्यापुरता नसतो, किरणं बरोबर जागी पडतायत का हेही त्यावर असतं. त्याच वेळी नाकातून नळी घालायचं ठरलं, राइल्स ट्यूब म्हणतात ती. नळी म्हटलं की घरात रडारड होते, "आता शेवटचं" असं वाटतं. तसं नाहीये. ती तात्पुरती असते, नळीतून दूध, पेज, पाणी, गोळ्या पूड करून जातात (सगळ्या गोळ्यांची पूड करायची नसते, कुठली चालते ते विचारा), आणि तोंड बरं झालं की काढतात. आईची पाच आठवडे होती. पण नळी असली तरी रोज थोडं पाणी, थोडी पेज तोंडाने गिळत राहायचं, जेवढं झेपेल तेवढं, गिळायची सवय मोडली की घसा नंतर साथ देत नाही. फक्त पाणी पिताना ठसका लागत असेल तर जबरदस्ती नको, लगेच डॉक्टरांना सांगायचं, म्हाताऱ्या माणसांमधे ते फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो.

गोळ्यांचा घोळ आमच्याकडे झाला आणि ते मला अजून सलतं. आईला बीपीची गोळी बारा वर्षं चालू आहे, सकाळी चहाबरोबर घ्यायची. जेवण अर्ध्यावर आलं, पाणी कमी झालं, तरी गोळी तेवढीच चालू. कुणी विचारलं नाही आणि आमच्याही लक्षात आलं नाही. एके दिवशी पहाटे ती मोरीत जायला उठली आणि चक्कर येऊन पडली, कपाळाला टाके पडले, नशीब खुब्याचं हाड वाचलं. बीपी बघितलं तर वरचं ९०. दोन सिटिंग बुडाली. म्हणून सांगते, जेवण कमी झालं की बीपी आणि शुगरच्या गोळ्यांचा डोस परत ठरवून घ्यायचा, स्वतः बंद करायचा नाही पण विचारायचं, त्याच दिवशी. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आणि पोटात काही नाही, तर साखर एकदम खाली जाते, घाम, थरथर, बरळणं. उलट सूज कमी करायला डेक्सा वगैरे स्टिरॉइड दिलं असेल तर साखर वर जाते. घरी बीपीचं मशीन आणि ग्लुकोमीटर असेल तर रोज वहीत लिहा. मोरीत फरशीवर रबरी मॅट, रात्री एक छोटा दिवा चालू, पलंगावरून उठताना आधी दोन मिनिटं पाय सोडून बसायचं आणि मग उभं राहायचं.

तोंडाची काळजी म्हणजे दिवसातून आठ दहा वेळा गुळण्या, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खाण्याचा सोडा, रोज ताजं करायचं. बाजारातले झणझणीत माउथवॉश नको, त्यात अल्कोहोल असतं. अगदी मऊ ब्रश, तोही झोंबला तर बोटाला स्वच्छ ओलं फडकं गुंडाळून. जिभेवर पांढरा थर जमला आणि तो खरवडला की खाली लाल दिसतं तर बुरशी असू शकते, दाखवायचं, औषधाने जाते. दुखण्याचं औषध मात्र मागून घ्या. म्हातारी माणसं सांगत नाहीत, "चालायचंच" म्हणतात. जेवणाआधी लावायचं बधीर करणारं जेल असतं, गोळ्या असतात, आणि गरज पडली तर मॉर्फिनही देतात, त्या नावाला घाबरू नका, डॉक्टर डोस कमीपासून सुरू करतात, फक्त त्याने बद्धकोष्ठ होतं म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून चालू ठेवायचं.

मानेची कातडी चौथ्या पाचव्या आठवड्यात काळी पडली, मग सोलायला लागली. हळद, खोबरेल, कोरफड, तूप असलं काहीही विचारल्याशिवाय लावायचं नाही. साबण घासायचा नाही, पाणी ओतून टिपून घ्यायचं. सोन्याची माळ, मंगळसूत्र काढून ठेवलं, आईला ते जड गेलं, मग तिने ते देवाऱ्यात ठेवलं. पुरुषांनी मानेवर ब्लेडने दाढी करायची नाही. मऊ सुती, जुनं धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड गळ्याला, उन्हात जाताना त्यावरून पदर.

सिटिंग बुडवायचं नाही, हे फार महत्त्वाचं. तोंडा-घशाच्या कॅन्सरमधे मधे खंड पडून उपचार लांबला तर कॅन्सरवरचा ताबा घटतो, लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे साधारण एक टक्का धरतात, कारण उरलेल्या पेशी मधल्या काळात जोमाने वाढतात. लग्न, बारसं, एकादशी, अमावस्या यासाठी खाडा नको. मशीन बंद पडलं किंवा सुट्टी आली तर "भरून कसं काढणार" असं विचारा, कधी शनिवारी घेतात, कधी एका दिवसात दोन घेतात मधे सहा तासांचं अंतर ठेवून.

१९ व्या सिटिंगला आई म्हणाली आता बास. टेबलावर झोपायलाच तयार नाही. मी तिथे ओरडले, ते नको होतं करायला. तिथल्या सिस्टरने तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "आजी, काय सगळ्यात जास्त नकोसं झालंय?" आई म्हणाली, जीप. म्हणजे रेडिएशन नाही, रोजचा जाऊन येऊन तीन तासांचा जीपचा प्रवास, खड्डे, आणि दुखऱ्या तोंडाने बसणं. त्याच संध्याकाळी आम्ही हॉस्पिटलजवळ एक खोली भाड्याने घेतली, राहिलेली सगळी सिटिंग तिने पूर्ण केली. तुम्ही हे पहिल्या दिवशीच विचारात घ्या, निदान तिसऱ्या आठवड्यापासून जवळ राहायची सोय बघा. मुंबईत टाटाला येणाऱ्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळला नाना पालकर स्मृती समिती अशा जागा आहेत, नंबर लागायला वेळ लागतो म्हणून तारीख मिळाल्या मिळाल्या तिकडे जाऊन विचारा, हॉस्पिटलमधल्या सोशल वर्करची चिठ्ठी लागते बऱ्याच ठिकाणी.

खर्चाचं थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत, दोन्हीत रेडिएशनची पॅकेजेस आहेत, आणि ऑक्टोबर २०२४ पासून ७० च्या पुढच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ५ लाखांपर्यंत. पण हॉस्पिटल योजनेत आहे का आणि रेडिएशनसाठी आहे का हे दोन्ही तिथल्या आरोग्यमित्राला (हॉस्पिटलमधे योजनेचं काम बघणारा माणूस) आधी विचारा, मंजुरी आल्याशिवाय पैसे भरून सुरू केलं तर नंतर परत मिळत नाहीत, आधार आणि रेशनकार्ड दोन्हीवर नाव सारखं आहे का बघा, आमचं नव्हतं, त्यात सहा दिवस गेले. एसटीला ७५ च्या पुढे फुकट, बायकांना अर्धं तिकीट. रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट माफ असतं, सोबतच्या माणसालाही मोठी सवलत, त्याचा फॉर्म हॉस्पिटलमधून सही शिक्का घेऊन भरायचा.

दुसऱ्या जागेचं रेडिएशन असेल तर त्रास वेगळे. प्रोस्टेटला लघवीची पिशवी भरलेली आणि पोट साफ असं ठेवून झोपवतात, म्हाताऱ्या माणसांना लघवी धरवत नाही, तेव्हा लाजून गप्प न बसता टेक्निशियनला सांगा, नंबर मागेपुढे करून देतात. गर्भाशयाच्या पिशवीचं असेल तर जुलाब होतात, दूध आणि कोंड्याचं कमी करायचं, पाणी जास्त, आणि जुलाब झाले की बीपीच्या गोळीचं वर सांगितलं तेच. स्तनाचं असेल तर हात डोक्यावर धरून झोपावं लागतं, खांदा आखडला असेल तर आधीपासून व्यायाम.

लगेच हॉस्पिटल गाठायचं असे प्रसंग. ताप १००.४ च्या वर. पाणीसुद्धा गिळत नाही. श्वासाला आवाज येतोय. दिवसभर लघवी नाही. आणि एकदम बरळायला लागणं, माणसं न ओळखणं. याला घरचे "वयामुळे" म्हणतात, तसं नसतं. काल चांगलं बोलणारं माणूस आज बरळतंय म्हणजे सोडियम, साखर, इन्फेक्शन, पाणी कमी पडणं यातलं काहीतरी असतं आणि ते तपासून औषध देता येतं.

संपल्यावरचे पहिले दहा बारा दिवस सगळ्यात वाईट. हे आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं, आम्ही शेवटच्या दिवशी पेढे घेऊन गेलो आणि पुढच्या आठवड्यात आई आधीपेक्षा जास्त आजारी. रेडिएशन बंद झालं तरी त्याचं काम चालू राहतं, त्यामुळे त्रास वाढून मग उतरायला लागतो, तोंड बरं व्हायला चार ते सहा आठवडे, थकवा जायला त्याहून जास्त. तेवढे दिवस बघायला येणाऱ्यांना दारातूनच चहा देऊन पाठवा. चव हळूहळू येते, आईला पहिली चव गोडाची नाही तर ताकाची कळली, तिसऱ्या महिन्यात.

मानेला रेडिएशन झालेलं असेल तर टीएसएच ची (थायरॉइडची रक्ताची) तपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी, थायरॉइड कमी होऊ शकतं आणि म्हाताऱ्या माणसाची सुस्ती, बद्धकोष्ठ, थंडी वाजणं हे वयाच्या नावावर खपून जातं. पुढे कधीही दात काढायची वेळ आली तर आधी रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारायचं, दहा वर्षांनीसुद्धा, म्हणून डिस्चार्ज पेपर प्लास्टिकच्या फोल्डरमधे कपाटात ठेवा. पाण्याची बाटली कायम जवळ, तोंड कोरडं राहतंच.

आणि जबड्याचा व्यायाम, तोंड उघडणं कमी होऊ नये म्हणून. तो रेडिएशन चालू असतानाच सुरू करायचा, नंतर नाही. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या धुऊन एकावर एक ठेवायच्या, दातांच्या मधे (दात नसतील तर हिरड्यांवर मऊ फडकं ठेवून) सरकवायच्या, तोंड ताणलं जाईल पण दुखणार नाही एवढ्याच, अर्धा मिनिट धरायचं, सोडायचं, असं पाच वेळा, दिवसातून तीन चार वेळा, आणि आठवड्याला एखादी काडी वाढवायची. स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात गेली पाहिजेत असं साधं माप. आईची रेडिएशन संपलं तेव्हा जेमतेम दीड जात होती. आता अडीच जातात, काड्यांचा गठ्ठा टीव्हीजवळच्या पेल्यात असतो, संध्याकाळच्या मालिकेत जाहिराती लागल्या की ती स्वतःच उचलते.